एक पावसाळा टिकणारं यंत्र

धाराशिव जिल्ह्यात मायक्रोकंट्रोलर कुठे पाहायला मिळेल असं कुणी विचारलं, तर मी त्याला प्रयोगशाळेत नेणार नाही, शिवारात नेईन. भूम, वाशी, कळंब, कुठेही विहिरीच्या काठावर पत्र्याची पेटी दिसते आणि तिच्यात स्टार्टरशेजारी मोबाईल स्टार्टरची डबी असते. शेतकरी घरून फोन लावतो, डबी फोन उचलते, आकडा दाबला की मोटार सुरू होते. फेज गेली किंवा विहिरीचं पाणी तुटलं, की चांगली डबी स्वतःच मोटार बंद करते आणि मालकाला कळवते. आत मोबाईलचं मॉड्यूल असतं आणि त्याच्यावर हुकूम चालवणारी एक छोटी चिप. प्रोसेसर, थोडीशी मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना असं सगळं एकाच तुकड्यात असलेली ही चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे याच कुळातलं गाजलेलं यंत्र. शेतकऱ्याची रात्रीची पायपीट वाचवण्याच्या गरजेतून ते जन्माला आलं.

वापरणारे आपण केव्हाच झालो आहोत. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी, शिक्षकांनी, वायरमननी आणि शिकलेल्या शेतकऱ्यांनी अशी यंत्रं हौसेने स्वतः करायची म्हटलं, तर कुठून सुरुवात करावी, काय टाळावं आणि कशाने घात होतो, याचा हा आढावा. माझी कसोटी एकच आहे. मृगाला शेतात बसवलेलं यंत्र दिवाळीला चालू असलं पाहिजे. प्रदर्शनाच्या टेबलावर दोन तास चाललेलं यंत्र या कसोटीला उतरतंच असं नाही.

या विद्येची तोंडओळख महाराष्ट्रात नवी नाही. बारावीला संगणकशास्त्र घेणाऱ्यांच्या दुसऱ्या पेपरात ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर आणि मायक्रोकंट्रोलरची ओळख आहे. पॉलिटेक्निकच्या मुलांनी वर्षानुवर्षं ८०५१ची अंतर्गत आकृती पाठ करून परीक्षेत काढली आहे. इंटेलने ८०५१ बाजारात आणला १९८० साली. तेव्हा चिपमधला प्रोग्रॅम पुसायचा तर तिला अतिनील दिव्याखाली ठेवावं लागे आणि प्रोग्रॅम भरायला वेगळं महागडं यंत्र लागे. एका चुकीची किंमत अर्धा तास. पुढे विजेनेच पुसता येणाऱ्या फ्लॅश मेमरीच्या चिपा आल्या. १९९६ साली अॅटमेलने एव्हीआर हे कुळ आणलं. त्याची कल्पना नॉर्वेतल्या दोन विद्यार्थ्यांची. २००५ साली इटलीतल्या इव्ह्रेआ गावच्या डिझाइन संस्थेत त्याच कुळातली चिप घेऊन आर्डुइनो बोर्ड तयार झाला. यूएसबी केबल लावायची, संगणकावर चार ओळी लिहायच्या, एक बटण दाबायचं. चुकीची किंमत अर्ध्या तासावरून दहा सेकंदांवर आली. हौशी माणसाच्या दृष्टीने खरी क्रांती हीच. चूक स्वस्त झाली की शिकणं सुरू होतं.

मराठी मुलखात असं करत करत शिकण्याचं एक जुनं ठिकाण आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि गावाच्या गरजेची वस्तू शिकता शिकताच बनवायची, ही तिथली रीत. एमआयटी या संस्थेने अमेरिकेबाहेरच्या आपल्या पहिल्या फॅब लॅबपैकी (वस्तू घडवण्याच्या प्रयोगशाळांपैकी) एक २००२ साली याच पाबळमध्ये उभी केली. एमआयटीची प्रयोगशाळा आणि दुष्काळी पट्ट्यातलं पाबळ यांची गाठ कशी पडली, ही गोष्ट आपल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

अलीकडे अटल टिंकरिंग लॅबमुळे आर्डुइनोचे संच शाळांत पोचले. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे हात काळे करावेत अशी अपेक्षा असते. आपला जिल्हा २०१८पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे सरकारचं लक्षही आहे. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला प्रकल्पासाठी १०,००० रुपये मिळतात. म्हणजे पैसा आणि सामान अगदीच नाही असं नाही. अडतं ते पुढे. तालुका प्रदर्शन झालं, जिल्हा प्रदर्शन झालं, की ‘स्मार्ट सिंचन’चं मॉडेल थर्माकोलसकट कपाटावर जातं. ते कुंडीतल्या मातीवर चालत होतं, खऱ्या काळ्या रानात ते कधी गेलंच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्या मुलाने जे खरं शिकायचं होतं ते मॉडेल कपाटावर चढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होतं.

आता बोर्डाची निवड. पहिला बोर्ड म्हणून आर्डुइनो उनो किंवा त्याचंच लहान भावंड नॅनो घ्या. २०१०पासूनच्या उनोमधली अॅटमेगा ३२८ चिप आज जुनी वाटते: १६ मेगाहर्ट्झचा वेग, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आणि कामासाठी फक्त २ किलोबाइट रॅम. पण ती ५ व्होल्टवर चालते, लहानसहान चुका सोसते आणि जळलीच तर नवी स्वस्तात मिळते. बोर्डाचे आराखडे खुले असल्यामुळे त्याच्या नकला सर्वत्र मिळतात आणि त्या कामाच्या असतात. ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा अनेकांना धास्ती वाटली, पण जुने आराखडे आणि लाखो नकला कुठेही जात नाहीत.

दुसरा बोर्ड ईएसपी३२. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही २०१६ची चिप २४० मेगाहर्ट्झवर चालते, तिला ५२० किलोबाइट रॅम आहे आणि वायफाय-ब्लूटूथ आतच आहे. किमतीच्या मानाने हिच्यासारखी चिप नाही. मात्र ती ३.३ व्होल्टची आहे. ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडला की पिन मरते, आणि अनेकदा लगेच न मरता महिनाभराने मरते. मग दोष शोधता शोधता नाकी नऊ येतात. हिच्या काही पिना फक्त ऐकू शकतात, बोलू शकत नाहीत (३४ ते ३९). काही सुरू होतानाच्या कामाच्या आहेत; त्यांतल्या १२ नंबरवर चुकीच्या वेळी वीज असली तर बोर्ड उठतच नाही. आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या भागाच्या, पिनांवर मोजमाप होत नाही. पिनांचा हा तक्ता छापून भिंतीला लावा, अर्धी डोकेदुखी तिथेच जाते.

रास्पबेरी पाय पिको (२०२१) हा पायथॉन येणाऱ्यांसाठी उत्तम. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ हे स्वदेशी प्रोसेसर घडवले आणि त्यावरचे ‘एरीज’ बोर्डही काढले. दुसरा-तिसरा बोर्ड म्हणून ते जरूर हाताळावेत. ८०५१ परीक्षेपुरता ठेवला तरी चालेल. रजिस्टर म्हणजे काय हे मात्र त्याच्यावर जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. बोर्ड बदलत राहण्याचा मोह आवरा. एका बोर्डावर तीन पूर्ण यंत्रं केलेला मुलगा सहा बोर्ड हाताळलेल्यापेक्षा पुढे असतो.

पहिल्या दिवशीच्या अडचणी ठरलेल्या आहेत. प्रोग्रॅम चढत नाही. सगळ्यात आधी केबल बदला. मोबाईल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात. नकली उनो-नॅनोवर सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर संगणकात टाकावा लागतो. नॅनो तरीही ऐकत नसेल तर मेनूमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. ० आणि १ नंबरच्या पिनांना काही जोडलेलं असेल तर ते काढा, त्याच तारांवरून प्रोग्रॅम चढतो. ईएसपी३२वर चढवताना ‘कनेक्टिंग’ असे ठिपके येत राहिले तर बूटचं बटण दाबून धरा. घरी संगणक नसला तरी थांबायचं कारण नाही. ओटीजी केबल आणि अँड्रॉइड फोनवरून उनोमध्ये प्रोग्रॅम चढवता येतो, आणि टिंकरकॅड किंवा वोकवी यांसारख्या ठिकाणी ब्राउझरमध्येच सर्किट जोडून चालवून बघता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आर्डुइनोची मालिका आहे. शिक्षकांनी ती आधी स्वतः पाहावी.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. मुलं मला प्रोग्रॅम दाखवतात आणि विचारतात, यात चूक कुठे? दहातल्या सात वेळा चूक प्रोग्रॅममध्ये नसते, विजेत असते. बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, सेन्सर भलते आकडे देतो, रिले पडला की स्क्रीनवर कचरा येतो. ही सगळी उपाशी किंवा घाबरलेल्या बोर्डाची लक्षणं. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त मागू नये. एलईडीला २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर लावून तिला जगवता येतं. पण छोटी सर्वो मोटार अडकली की अर्धा अँपिअर किंवा जास्तही ओढते, तिला बोर्डावरून वीज द्यायचीच नाही. तिला वेगळी वीज द्या आणि दोन्हींचे ग्राउंड मात्र एकत्र जोडा. ग्राउंड एक नसेल तर दोन माणसं वेगवेगळ्या जागेवरून उंची मोजत असल्यासारखं होतं, आकडे जुळतच नाहीत.

ईएसपी३२ वायफायवरून माहिती पाठवताना क्षणभर जोराचा घोट घेते, म्हणून निदान अर्धा अँपिअर देऊ शकणारी वीज लागते. बोर्डाजवळ १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, की निम्म्या भुताटक्या थांबतात. सिम८००एल हे मोबाईल मॉड्यूल तर २ अँपिअरपर्यंत झटका मारतं आणि त्याला लागतात ३.४ ते ४.४ व्होल्ट. ते ना उनोच्या ५ व्होल्टवर चालतं ना ३.३वर, आणि पोरं मात्र ‘नेटवर्क येत नाही’ म्हणून सिम बदलत बसतात.

आपल्याकडे सगळ्यात हाताशी असलेली बॅटरी म्हणजे फवारणीच्या पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची. तिच्यावर ५ व्होल्टचं, ५० मिलिअँपिअर खाणारं यंत्र चालवायचं आहे असं धरू. ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर लावला तर बॅटरीतूनही ५० मिलिअँपिअरच जातात आणि उरलेले सात व्होल्ट नुसते तापतात. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून चार अँपिअर-अवर वापरायचे. ते सव्वातीन दिवसांत संपतील. त्याऐवजी एलएम२५९६चं छोटं बक मॉड्यूल लावलं तर बॅटरीतून तीसेक मिलिअँपिअर जातात, म्हणजे पाच-साडेपाच दिवस मिळतात. आणि यंत्राला दर दहा मिनिटांनी दहा सेकंद जागवून बाकी वेळ झोपवलं, तर तीच बॅटरी कितीतरी आठवडे जाते. इथे एक फसगत असते: उनो बोर्ड झोपवला तरी त्याचा लाल-हिरवा दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर जागेच राहतात. झोपेचा खरा फायदा सुटी चिप वापरली तरच मिळतो. बक मॉड्यूलचा स्क्रू मल्टिमीटरवर ५.० व्होल्ट येईपर्यंत फिरवून मगच बोर्ड जोडा. मी एकदा ही पायरी घाईत गाळली आणि बोर्ड व सेन्सर एका क्षणात गेले. तेव्हापासून मल्टिमीटर पहिल्यांदा, बोर्ड नंतर.

मोटारीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथे जीव जातो. पाच एचपीची थ्री फेज मोटार चालताना सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. निळ्या डबीच्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून तिच्यातून मोटार चालवायला जाऊ नका. रिलेने फक्त बोटाचं काम करायचं: स्टार्टरचं हिरवं बटण क्षणभर दाबल्यासारखं करायचं आणि लाल बटणाच्या ओळीत बसून तोडायचं. मोटारीचं ओझं स्टार्टरनेच उचलावं आणि त्यातला ओव्हरलोड रिले जागेवरच राहू द्यावा. इथेही मेख आहे. शेतातल्या अनेक स्टार्टरची कॉइल दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते, आणि निळ्या रिलेची मर्यादा २५० व्होल्ट आहे. मध्ये त्या व्होल्टेजला चालणारा काँटॅक्टर हवा, आणि तो अनुभवी वायरमनने बसवावा. शाळकरी मुलांनी मोटारीला हात लावूच नये. पाणी मोजणारं आणि कळवणारं यंत्र त्यांनी करावं, मोटार चालू-बंद करायचं काम माणसाकडे ठेवावं. मी शिक्षक असतो तर बारा व्होल्टपलीकडच्या कुठल्याही प्रकल्पाला वर्गात जागा दिली नसती.

मोटारीच्या ऑटो स्विचचा एक सामाजिक धडाही आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच घराघरांत आले, आणि लाईट येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठू लागल्या. सगळ्यांचा सुरुवातीचा झटका एकाच क्षणी पडला की फ्यूज उडतो, डीपी जळतो, आणि मग ऐन रब्बीत कितीतरी दिवस कुणालाच पाणी नाही. महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं सांगत आलं आहे. मायक्रोकंट्रोलर लिहिणाऱ्याच्या हातात याचं उत्तर एका ओळीचं आहे: लाईट आल्यावर लगेच सुरू न करता तीन ते पंधरा मिनिटांमधला कुठलातरी अनियमित वेळ थांबा. प्रत्येक यंत्राने वेगळा वेळ घेतला की ओझं पसरतं. अशी ओळ लिहिणारा मुलगा आपल्या शेताबरोबर साऱ्या शिवाराचा विचार करतो.

सेन्सरांत मातीच्या ओलीचा सेन्सर सगळ्यांना हवा असतो आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. दोन पात्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज वाहवून ओल मोजतो. सतत वीज दिली की पाती काही आठवड्यांत खाल्ली जातात. त्याला एका पिनवरून, मोजण्यापुरतीच वीज द्या. कपॅसिटिव्ह सेन्सर जास्त टिकतो, पण त्याच्या पट्टीच्या कडा उघड्या असतात, त्यांतून पाणी शिरतं. नेलपॉलिशचे दोन-तीन हात किंवा इपॉक्सी लावा. आणि आपली काळी जमीन. ती वाळली की भेगाळते, सेन्सरच्या भोवती हवेची फट पडते आणि आजूबाजूला ओल असूनही तो ‘कोरडं’ सांगतो. म्हणून सेन्सर पुरताना त्याच मातीचा पातळ गारा करून भोवती ओता आणि जमीन भेगाळली की पुन्हा बसवा. परदेशी प्रोग्रॅममधले ‘कोरडं’ आणि ‘ओलं’चे आकडे उतरवू नका. आपल्या रानातली एक किलो माती उन्हात खडखडीत वाळवा, डब्यात घ्या, शंभर-शंभर मिलिलिटर पाणी घालत आकडा लिहीत जा. वहीच्या एका पानावर तुमच्या शेताचं कोष्टक तयार होतं, आणि ते जगात दुसऱ्या कुणाकडे नसतं.

टाकीसाठी मुलं अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. एचसी-एसआर०४ हा उघड्या दोन डोळ्यांचा सेन्सर टाकीतल्या वाफेने लवकर खराब होतो. तिथे जलरोधक जातीचा घ्या, आणि तो तोंडापासून वीसेक सेंटिमीटरच्या आतलं मोजू शकत नाही हे धरून उंचीवर बसवा. ईएसपी३२ला जोडताना ५ व्होल्टच्या एको पिनवर १ किलोओहम आणि २ किलोओहमची विभागणी घाला. फक्त ‘भरली’ आणि ‘रिकामी’ एवढंच कळायला हवं असेल तर साधा फ्लोट स्विच बसवा. तो स्वस्त असतो, वाफेला भीत नाही आणि त्याला प्रोग्रॅमही फारसा लागत नाही.

विहीर घरापासून शंभर मीटर असेल तर अॅनालॉग सेन्सरची तार तेवढी ओढू नका. वाटेत मोटारीच्या केबलची वीज तिच्यात मिसळते. मोजणारी चिप विहिरीजवळ ठेवा आणि आकडा आरएस-४८५ने दोन तारांवरून पाठवा. ती पद्धत १,२०० मीटरपर्यंत जाते. तारेशिवाय जायचं असेल तर लोरा. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. मॉड्यूल त्याच पट्ट्याचं घ्या. मोबाईलवरून कळवायचं असेल तर सिम८००एल २जीवर चालतं, जिओचं सिम त्यात चालणार नाही. नवं यंत्र करताना ४जी कॅट-१चं मॉड्यूल घेतलेलं बरं. आणि इंटरनेट, डॅशबोर्ड यांच्या आधी मिस्ड कॉलचा विचार करा. टाकी भरली की यंत्राने घरच्या आबांच्या फोनवर दोन रिंग द्याव्यात आणि कट करावं. कॉलचा पैसा लागत नाही, रेंज कमी असली तरी जातं, आणि आबांना कुठलंही अॅप शिकावं लागत नाही.

ज्याला पूर्ण, उपयोगी आणि घरात बसून करता येणारं यंत्र हवं आहे त्याने गावरान कोंबडीच्या अंड्यांची उबवणी पेटी करावी. थर्माकोलचा खोका, बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी, तापमानाचा सेन्सर. आत ३७.५ अंश ठेवायचे, २१ दिवस. डीएचटी११ इथे चालत नाही, तो दोन अंशांपर्यंत चुकू शकतो. डीएस१८बी२० किंवा डीएचटी२२ घ्या आणि तापमापीशी ताडून पाहा. ३७.४ला बल्ब लावा, ३७.६ला विझवा; मधली ही फट ठेवली नाही तर रिले दर सेकंदाला टकटक करत मरतो. रिले चिकटून बल्ब चालूच राहण्याची भीती असते, म्हणून ३८.५ला बोंबलणारी स्वतंत्र घंटी ठेवा. मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय, हे या पेटीतून पिल्लू बाहेर आल्यावर घरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

प्रोग्रॅम लिहिण्यातल्या चुकांपैकी तीन मी शेतात पाहिल्या आहेत. पहिली ‘डिले’ची. डिले म्हणजे यंत्राने डोळे मिटून बसणं. दहा सेकंदांचा डिले चालू असताना फ्लोट स्विच वर आला तरी त्याला दिसत नाही. त्याऐवजी ‘मिलिस’कडून वेळ विचारा: आत्ताचा वेळ वजा मागचा वेळ, दहा हजारांहून जास्त झाला का? हा आकडा ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो, पण वजाबाकी अनसाइन्ड लाँगमध्ये केलीत तर काही बिघडत नाही. बेरीज करून ‘पुढची वेळ’ साठवणाऱ्यांची यंत्रं मात्र पन्नासाव्या दिवशी अडखळतात आणि कुणालाच कारण कळत नाही.

दुसरी इंटची. उनोवर इंट हा साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच मोजतो. एक मिनिट थांबायला ६० गुणिले १००० लिहिलं, की उत्तर साठ हजारऐवजी उणे ५,५३६ येतं, आणि डिले त्याचा अर्थ जवळजवळ पन्नास दिवस असा घेतो. ६०च्या लगेच नंतर ‘यूएल’ ही दोन अक्षरं लावली की संपलं. ईएसपी३२वर हाच प्रोग्रॅम बरोबर चालतो, म्हणून एका बोर्डावरून दुसऱ्यावर उतरवताना ही चूक लपून बसते.

तिसरी ईईप्रॉमची. लाईट गेली तरी आकडा राहावा म्हणून मुलं दर मिनिटाला ईईप्रॉममध्ये लिहितात. एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दर मिनिटाला लिहिलं तर ती ६९ दिवसांत संपते. सात जूनला सुरू केलेलं यंत्र पंधरा ऑगस्टला हमीबाहेर. बदल झाला तरच लिहा. शिवाय २ किलोबाइट रॅममध्ये लांब मजकूर ठेवू नका, तो ‘एफ’ या मॅक्रोने फ्लॅशमध्ये राहू द्या, आणि वॉचडॉग चालू करा, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप स्वतःच पुन्हा सुरू होईल आणि तुम्हाला रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागणार नाही. प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेणारे आता पुष्कळ आहेत. घ्या, पण पिनांचे नंबर आणि व्होल्टेज स्वतः तपासा. तुमच्या टेबलावर कुठला बोर्ड आहे हे त्याला दिसत नाही.

स्क्रीनवर मराठी हवी, हा माझा आग्रह आहे. सोळा अक्षरांच्या दोन ओळींची एलसीडी देवनागरी जाणत नाही. तिच्यात आपली आठच अक्षरं काढून ठेवता येतात, तीही पाच बाय आठ ठिपक्यांची. ‘पाणी’ हा शब्द ठिपक्यांनी कागदावर काढून त्यात बसवता येतो. ओलेड स्क्रीनवर सोपा मार्ग म्हणजे ‘टाकी भरली’, ‘लाईट नाही’, ‘मोटार बंद’ असे शब्द चित्रं म्हणून साठवायचे, कारण काना-मात्रा-वेलांटी जोडायचं काम तिथली लायब्ररी नीट करत नाही. पाच-सहा शब्द पुरतात. यंत्र जिच्यासाठी केलं त्या आजीला ते वाचता आलं पाहिजे.

शेवटी पेटी. ब्रेडबोर्ड शेतात न्यायचा नाही; झिरो पीसीबीवर कथलाचे डाग देऊन पक्कं करा. मे महिन्यात बंद पेटी उन्हात तापते, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार वर जातं. पांढरी पेटी घ्या, उत्तरेकडे तोंड करा, वर पत्र्याची सावली ठेवा. वायरी खालून आणा, वर एकही भोक नको. मुंग्या आणि पाली उबेला येतात आणि काँटॅक्टमध्ये अडकून मरतात. वायरींच्या ग्लँड घट्ट करा, उरलेली फट सिलिकॉनने बुजवा. वळवाच्या विजांत लांब तारा सोडवून ठेवा. सामान सोलापूर-लातूरला बरंचसं मिळतं, नाही ते पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. रिले, रेग्युलेटर आणि सेन्सर नेहमी दोन-दोन आणा. आणि पेटीच्या झाकणाला आतून एक कागद प्लॅस्टिकमध्ये चिकटवा: कुठली पिन कशाला, कुठल्या रंगाची तार कुठे, प्रोग्रॅम कुठल्या तारखेचा, बॅटरी कधी बदलली. दोन वर्षांनी तुम्ही शिकायला पुण्याला गेलेले असाल आणि पेटी उघडणारा तुमचा धाकटा भाऊ असेल.